हायाबुसा-२ : लघुग्रहाच्या अस्पर्श मातीची मोहीम

अशनी, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येऊन पडलेला दगड, सूर्यमालेच्या जन्मकाळाचा साक्षीदार मानला जात असला, तरी तो कोणत्या लघुग्रहाचा तुकडा आहे हे बहुधा सांगता येत नाही, आणि जमिनीवर पडताच हवा, ओलावा व सूक्ष्मजीव त्याच्यात बदल घडवू लागतात. ही दोन्ही वैगुण्ये टाळण्यासाठी जपानच्या ‘जाक्सा’ या अवकाश संस्थेने ‘हायाबुसा-२’ हे यान रचले. त्याच्या आधीच्या ‘हायाबुसा’ यानाने इटोकावा लघुग्रहावरून केवळ सूक्ष्म कण आणले होते, आणि त्या मोहिमेतील उणिवांचा बारकाईने विचार करूनच नव्या यानाची जुळणी झाली.

३ डिसेंबर २०१४ रोजी जपानमधील तानेगाशिमा येथून निघालेले हे यान आयन इंजिनांच्या बळावर, म्हणजे झेनॉन वायूचे विद्युतभारित कण प्रचंड वेगाने मागे फेकून मिळणाऱ्या मंद पण दीर्घकाळ टिकणाऱ्या रेट्यावर, २७ जून २०१८ रोजी सुमारे ९०० मीटर व्यासाच्या रियुगू या लघुग्रहाजवळ पोहोचले. तेथे अपेक्षित सपाट जागेऐवजी सर्वत्र शिळा पसरलेल्या दिसल्याने उतरणे काही महिने लांबणीवर टाकावे लागले आणि अखेरीस जेमतेम ६ मीटर रुंदीची जागा निवडण्यात आली. पृथ्वीवरून संदेश पोहोचण्यास पाव तासाहून अधिक वेळ लागत असल्यामुळे यानाला शेवटचा टप्पा स्वतःच्या निर्णयाने पार करणे भाग होते. म्हणून आधीच टाकलेल्या परावर्तक खूणगोळ्याचा वेध घेत ते २२ फेब्रुवारी २०१९ रोजी उतरले. पृष्ठभागाला टेकताच त्याने ५ ग्रॅम वजनाची टँटलम धातूची गोळी झाडली आणि उडालेले कण नळकांड्यातून वर येऊन कुपीत साठले.

पृष्ठभागावरील माती सूर्याच्या किरणोत्साराने बदललेली असते, हे ध्यानात घेऊन ५ एप्रिलला स्फोटाच्या जोरावर तांब्याचा सुमारे २ किलोचा गोळा आदळवून १० मीटरहून रुंद विवर पाडण्यात आले, आणि ११ जुलैला यान त्याच्याजवळ पुन्हा उतरले, जेणेकरून खालच्या थरातून उसळलेली मातीही हाती यावी. दोन्ही ठिकाणचे नमुने वेगवेगळ्या कप्प्यांत राखले गेले.

६ डिसेंबर २०२० रोजी ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथे कुपी उतरली, आणि ०.१ ग्रॅमच्या उद्दिष्टाच्या तुलनेत सुमारे ५.४ ग्रॅम माती मिळाल्याचे पुढे स्पष्ट झाले. जपानमधील सागामिहारा येथे कुपी मातीला हवेचा स्पर्श होऊ न देता उघडण्यात आली. त्या मातीत अमिनो आम्ले आणि आरएनए रेणूचा घटक असलेले युरॅसिल आढळले. तिची घडण टांझानियात १९३८ साली पडलेल्या इवुना अशनीच्या वर्गाशी जुळली. मात्र त्या वर्गातील अशनींत दिसणारे सल्फेट क्षार तिच्यात आढळले नाहीत, यावरून ते पृथ्वीवरच तयार झाले असावेत असा निष्कर्ष निघाला. सूर्यमालेच्या मूळ रासायनिक घडणीचा मानदंड म्हणून याच वर्गाकडे दीर्घकाळ पाहिले जात असल्यामुळे, तो मानदंड तपासून शुद्ध करण्याची संधी विज्ञानाला मिळाली, हेच या मोहिमेचे सर्वांत मोलाचे फलित होय.