वादाची चाहूल लागली? आधी पुरावा जपा!

एका रविवारी सकाळी ओळखीचे एक यंत्रमाग कामगार आमच्या दारी आले. सोळा वर्षे त्यांनी टॉवेलच्या मागावर काढलेली. ग्रॅच्युइटी मागितली तर मालक म्हणाले, “तू आमचा माणूसच नव्हेस!” कामाचे, पगाराचे निरोप मालक मोबाईलवर धाडत. जागा भरली म्हणून मुलाने ते पुसून टाकले. हजेरीकार्डे रद्दीत गेली. काका खरे बोलतात हे आम्हांला ठाऊक. पण कोर्टाला पुरावा लागतो.

मोबाईल, सीडी, कॅमेरा यांतला पुरावा कसा टिकतो, हे आपल्याच जालन्याच्या खटल्यातून कळते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर घेतले, अशी तक्रार कैलास गोरंट्याल यांनी उच्च न्यायालयात केली. पुरावा होता निवडणूक कचेरीतल्या चित्रीकरणाचा. सीडी मिळाल्या, पण सोबत लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: मूळ यंत्र हजर न करता नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र हवेच, मात्र सर्व प्रयत्न करूनही ते न मिळाल्यास त्या पक्षकाराला सवलत मिळेल. खोतकरांचे अपील फेटाळले गेले. मागणी केल्याचा लेखी पुरावा होता, तोच कामी आला.

१ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणेही प्रमाणपत्र लागतेच. त्यात तज्ज्ञाचीही सही असते.

म्हणून वाचकहो, वादाची चाहूल लागताच एवढे करा. निरोप पुसू नका. जुना मोबाईल मोडीत देऊ नका. पडद्याचा फोटो ही नक्कलच, अस्सल पुरावा त्या यंत्रात असतो. हजेरीकार्ड, पगारचिठ्ठी, विडी कारखान्याचे पासबुक, बँकेचे पुस्तक एका पिशवीत ठेवा. वकिलालाही झेरॉक्स द्या, अस्सल घरीच ठेवा. कॅमेऱ्यातले जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. तेव्हा ‘ते राखून ठेवा’ असे मालकाला लगेच लेखी कळवा आणि पोच जपा. कोर्टापुढे येऊ नये म्हणून कागद नष्ट करणे हा गुन्हा आहे, मालकालाही आणि आपल्यालाही.

काकांच्या पत्नीने ट्रंकेच्या तळाशी बोनसच्या तीन चिठ्ठ्या जपल्या होत्या. अर्ज आता त्यांच्याच आधारे लिहितो आहोत.