किमान वेतनाचा कायदा नसलेला देश

माल्मो, स्वीडन

गावाकडे, फर्दापूरला फोन लावला की एक प्रश्न हमखास येतो : तिकडे सरकारने मजुरी किती ठरवून दिली आहे? खरे उत्तर गावात कुणाला पटत नाही. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. हॉटेलात भांडी घासणाऱ्याचा किंवा बस चालवणाऱ्याचा दर त्या त्या क्षेत्रातली कामगार संघटना आणि मालक समोरासमोर बसून ठरवतात. दहातले जवळजवळ नऊ कामगार अशा सामूहिक कराराखाली येतात, आणि सुमारे सात जण स्वतः संघटनेची वर्गणी भरतात. युरोपीय संघाने 2022 मध्ये किमान वेतनाचा निर्देश काढला, तेव्हा इथल्या कामगार संघटनांनीच त्याला विरोध केला. मजुरी सरकार ठरवू लागले की उद्या तेच सरकार ती कमीही करील, आणि आपल्या हातातली बोलणी जातील, अशी त्यांची धास्ती.

ही घडी सुखासुखी बसलेली नाही. 14 मे 1931 रोजी उत्तरेकडच्या ओदालेन भागात संपफोड्यांच्या विरोधात निघालेल्या मोर्चावर लष्कराने गोळ्या झाडल्या. पाच माणसे मेली. त्यानंतर सात वर्षांनी, 1938 मध्ये, स्टॉकहोमजवळच्या साल्टशोबादेन इथे मालक-कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांनी मूळ करार केला. भांडण कसे करायचे आणि कसे मिटवायचे याचे नियम त्यांनी आपसात ठरवले. करार चालू असेपर्यंत आपल्या मागण्यांसाठी संप करायचा नाही, हे बंधन कामगारांवर आहे.

करारावर सहीच न करणाऱ्या मालकाचे काय होते, ते सध्या टेस्लाच्या निमित्ताने दिसते आहे. 27 ऑक्टोबर 2023 पासून आयएफ मेटाल या संघटनेचे मेकॅनिक टेस्लाच्या गॅरेजांमध्ये संपावर आहेत. ते संख्येने थोडे आहेत. कितीतरी सहकारी कामावर जातच राहिले. पण गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या जहाजांतून उतरवायला नकार दिला, टपाल कामगारांनी नंबरप्लेट पोचवणे बंद केले आणि शेजारच्या डेन्मार्क-नॉर्वेतल्या संघटनाही पाठीशी उभ्या राहिल्या. दुसऱ्याच्या संपासाठी आपले काम थांबवणे इथे कायदेशीर आहे. दोन वर्षे उलटून गेली तरी टेस्लाने सही केलेली नाही. एवढी मोठी कंपनी इतका काळ टिकून राहू शकते, ही स्वीडिश संघटनांपुढची खरी चिंता आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

तरीही या देशात कायदे नाहीत असे कुणी समजू नये. वर्षाला पंचवीस दिवसांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. मला सर्वांत मोलाची वाटते ती कामाच्या जागेवरच्या सुरक्षा प्रतिनिधीची तरतूद. हा प्रतिनिधी सहसा संघटनाच नेमते. मचाण डगमगते आहे, जिवाला धोका आहे असे दिसले आणि मालक ऐकत नसला, तर हा प्रतिनिधी तिथल्या तिथे काम थांबवू शकतो; निरीक्षक येईपर्यंत काम बंद. कायदा साहेबाच्या कचेरीत बसून राहत नाही. तो कामगाराच्याच माणसाच्या हाती दिलेला आहे.

आपल्याकडे हे घडलेच नाही असे नाही. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने पाठीवर पोती वाहणाऱ्यांसाठी लढून 1969 चा माथाडी कायदा मिळवला. मजुरी आणि त्यावरची लेव्ही मालकाने माथाडी मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची. भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा त्याच वाटेने. मात्र त्याच मुंबईत उलटेही झाले. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत बोलणी करण्याचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिला होता. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, आणि ज्यांना कामगारांनी मानले त्यांच्याशी बोलणे सरकारने नाकारले. कामगारांचा आवाज कोणता, हे कामगारांऐवजी कायद्याने ठरवले की काय होते, ते गिरणगावाने भोगले.

स्वीडनच्या व्यवस्थेलाही भोके आहेत. उन्हाळ्यात उत्तरेच्या जंगलात रानबेरी वेचायला थायलंडहून मजूर येतात. कर्ज काढून येतात, किलोवर राबतात, आणि त्यांच्या पिळवणुकीची प्रकरणे पुन्हा पुन्हा कोर्टात गेली आहेत. संघटनेचा हात त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही.

त्यांच्याविषयी वाचताना मला आमच्या सोयगाव तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या बायाच दिसतात. त्याही किलोवरच राबतात. शेतमजुरीला 1948 चा किमान वेतन कायदा लागू होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतली औद्योगिक संबंधांची संहिता मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला बोलणी करण्याचा हक्क देते. पण वेचणाऱ्या बाईचे नाव कुठल्या मस्टरवर आहे? गावाजवळच्या लेण्यांत पर्यटकांची डोली वाहणाऱ्याचे तरी कुठे आहे?

म्हणून गावाकडच्यांना माझे सांगणे असे की संहितेची वाट पाहू नका. वेचणीच्या टोळ्या तर आहेतच. पहिली बोंडे फुटायच्या आधी फर्दापूर आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या टोळ्यांनी एकत्र बसावे, किलोचा एकच दर ठरवावा आणि एका टोळीने नाकारलेल्या शेतात दुसरीने पाऊल टाकू नये. माल्मोच्या गोदीतला कामगार टेस्लाच्या गाडीला हात न लावता नेमके हेच करतो आहे.