पान जाताना लाल, पान येताना लाल

पानगळ म्हटली की आपल्याला आधी झाडू आठवतो. माघ-फाल्गुनात अंगणातला कडुलिंब पिवळी पानं टाकायला लागला, की दोनदा झाडलं तरी पुरत नाही. आणि तिकडं जपानात ह्याच पानांसाठी माणसं तिकिटं काढून देवळांत जातात! 'मोमिजीगारी' म्हणतात त्याला. क्योतोच्या तोफुकुजी देवळात नोव्हेंबरअखेर मेपलची झाडं लालभडक होतात. तिथल्या लाकडी पुलावर फोटोसाठी इतकी झुंबड उडायची, की ऐन हंगामात पुलावरून फोटो काढायलाच बंदी घालावी लागली.

भाचीनं तिकडचे फोटो पाठवले, तर सासूबाई म्हणाल्या, "असं लाल आपल्या गडाच्या वाटंवर बी असतं की."

गड म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यातला नारायणगड. नगद नारायण महाराजांचं स्थान, आमची धाकटी पंढरी. गुडघे धरल्यापासून सासूबाईंचं एकादशीला जाणं सुटलंय. पाहून यायचं आणि दाखवायचं, एवढ्यासाठी मी कॅमेरा उचलला.

लेन्स माझ्याकडे एकच, 18 ते 200 मिलीमीटरची. प्रवासी झूम म्हणतात तिला. जाणकार नाक मुरडतात; कडेला चित्र जरा मऊ येतं, कमी उजेडात ती अडते, हे खरंच आहे. पण आपल्याकडच्या उन्हाळी फुफाट्यात लेन्स बदलायला कॅमेरा उघडला, की धूळ आत गेलीच म्हणून समजा. शिवाय एका खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात प्रसाद. दुसरी लेन्स धरायची कुठं?

18 वर सगळा परिसर मावतो, पण पानं ठिपक्यांएवढी दिसतात. 200 वर जा, मग दूरचा कळस फांदीला टेकल्यासारखा जवळ येतो. मात्र तिथं हात हलला तरी फोटो हलतो, म्हणून शटर एक-अडीचशेच्या वर ठेवायचं आणि कोपर पोटाशी धरायचं. ऊन पाठीशी घेऊ नका. पानाच्या पलीकडून कोवळं ऊन आलं, की पान आतून दिवा लावल्यासारखं उजळतं. नऊनंतर तो खेळ संपतो. आणि गाभाऱ्यात किंवा कुणा बाईचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं, हे काही सांगायला नको.

गंमत पुढंच आहे. तिकडं थंडी पडली की पानातला हिरवा रंग विरतो, लाल रंग तयार होतो आणि पान गळतं. आपल्याकडं पान गळतं ते कोरडेपणानं, बहुतेक पिवळं किंवा तपकिरी होऊन. पण चैत्राच्या तोंडावर पिंपळाला नवी पालवी फुटते ती तांबूस, गुलाबी. मेपलच्या लालीचं आणि ह्या पालवीचं रंगद्रव्य एकाच जातीचं, अँथोसायनिन. तिकडं पान जाताना लाल होतं, इकडं येताना! ही लाली थोडेच दिवस टिकते. मग पान हिरवं होतं आणि आपण परत झाडूकडे वळतो.

मी फोटोंचे प्रिंट काढून आणले. मला आवडला तो पिंपळाच्या पानाआडचा कळस. सासूबाईंनी तो बाजूला ठेवला आणि झाडाखाली टेकलेल्या दोन अनोळखी बायकांचा फोटो डोळ्यांजवळ धरला.

"हितं बसायला जागा हाय की गं," म्हणाल्या. "गाडी कधी सांगतीस?"