श्वास उंचीवर, दाब वजनावर

२०२०-२१ मध्ये सातारा-सांगलीच्या घराघरांत ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द पोचला. साताऱ्यात जम्बो कोविड रुग्णालय उभे राहिले, मिरजेचे शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखले गेले. बाहेर ताटकळणाऱ्यांना आतून निरोप येई, ‘प्रेशर वाढवलंय’, आणि माणसे हाय खात. मी डॉक्टर नाही. पण शोधनिबंध वाचत गेलो तसे ध्यानात आले, की स्थूल रुग्णाच्या बाबतीत या निरोपाचा अर्थ वेगळाही असू शकतो.

१९६७ साली अ‍ॅशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १२ रुग्णांच्या नोंदींवरून हा तीव्र फुप्फुसविकार मांडला. श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडा दाब राखला, तर वायुकोश मिटत नाहीत. या दाबाला ‘पीप’ म्हणतात. पुढे २००० साली ८६१ रुग्णांच्या चाचणीत लहान श्वास दिलेल्या गटातले मृत्यू ३१ टक्के, मोठे श्वास दिलेल्यांत सुमारे ४० टक्के निघाले. तेव्हापासून श्वास उंचीवरून मोजतात, कारण पोट सुटले म्हणून फुप्फुस वाढत नाही. तालीम सुटलेला, पण खुराक न सुटलेला ११० किलोचा पैलवान घ्या. उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे हिशेबाचे वजन साडेएकसष्ट किलो. किलोमागे ६ मिलिलिटर धरून श्वास सुमारे ३७० मिलिलिटरचा. काट्यावरचे वजन धरले तर ६६०!

दाबाचे गणित मात्र उलटे. सायकलच्या ट्यूबवर कुणी बसलेले असताना हवा भरून पाहा. पंपाला ट्यूबही फुगवावी लागते आणि बसलेलाही उचलावा लागतो. उताण्या झोपलेल्या स्थूल माणसाचे पोट श्वासपटल वर ढकलते. समजा, फुप्फुसाबाहेरचा दाब १५ सेंटिमीटर पाण्याइतका आहे आणि पीप १०. मग वायुकोश मिटणारच. अशा वेळी पीप १५-२० पर्यंत न्यावा लागू शकतो. पडद्यावर ३२ दिसले, तरी त्यातले १८ छाती-पोट उचलण्यात गेले असतील, तर फुप्फुसावर ताण १४ चाच.

बाहेरचा दाब अन्ननलिकेत फुगा सोडून अजमावता येतो. पण २०१९ च्या चाचणीत त्यावरून पीप ठरवल्याने सरसकट फायदा दिसला नाही. २०१७ च्या दुसऱ्या चाचणीत फुप्फुस जबरदस्तीने उघडण्याच्या पद्धतीने मृत्यू वाढलेच. जादा दाबाने हृदयाकडे येणारे रक्त अडते, रक्तदाब कोसळतो. म्हणून फुगा नसलेल्या ठिकाणी उशाकडची बाजू उंच करतात, रुग्णाला पालथे झोपवतात आणि पीप दोन-दोनने वाढवत ऑक्सिजन, रक्तदाब आणि फुप्फुसाचा ताठरपणा पाहतात. निरोप आला, तर नातेवाइकांनी विचारावे तेही हेच: ऑक्सिजन कमी लागतोय का, रक्तदाब टिकलाय का?