धुऱ्यावरील बांबूचा धनी कोण?

चंद्रपूर व गडचिरोलीकडे धानाच्या बांधीला लागून धुऱ्यावर बांबूचे बेट राखणारे शेतकरी पुष्कळ आहेत. बेट वडिलांनी लावलेले, सारा आपण भरलेला. परंतु चार बांबू गाडीत घालून बाजारास निघावे तर नाक्यावर परवाना दाखवावा लागे. कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला होता. वनस्पतिशास्त्र बांबूस गवत म्हणते. पण कायद्यापुढे शास्त्राचे काय चालणार! जी वस्तू आपण पिकवावी, पण दुसऱ्याच्या परवानगीवाचून विकू नये, तिचा धनी खरोखर कोण, असा प्रश्न आम्ही वाचकांस विचारतो.

रानातील बांबूची कथा याहून कष्टाची आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्यास सरकार दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबू देत असे. रानाशेजारी राहणाऱ्या गोंड बांधवांस मात्र तोच बांबू बाजारात विकण्याची मुभा नव्हती. यास कोणी व्यापार म्हणो, आम्ही म्हणणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूस गौण वनोपज ठरविले, तरी वाहतुकीचा परवाना कोणी द्यावा या मुद्द्यावर घोडे अडले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पण परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडण्यास २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. ते देण्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावी आले. एका पुस्तकासाठी एवढा लवाजमा! त्यानंतर ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली.

खाजगी धुऱ्याचा निकाल त्याहूनही उशिरा लागला. नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकुमाने व पुढील वर्षीच्या कायद्याने वनाबाहेरील बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. मध्यंतरी नव्वद वर्षे गेली.

तथापि सरकारने अंग काढून घेतले म्हणजे सर्व साधले, असे मानणाऱ्यांशी आमचे जुळत नाही. तेंदूपत्त्याचेच पाहा. १९६९ च्या कायद्याने त्याचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला होता. पुढे अनेक ग्रामसभा आपला पत्ता स्वतः लिलावाने विकू लागल्या. आता ठेकेदाराने माल उचलून पैसा थकविला, तर पाने तोडणाऱ्या बाईने कोणाचे दार ठोठवावे? माप खरे ठेवणे, करार पाळावयास लावणे, बुडविणाऱ्याकडून वसुली करून देणे, हे काम कोणा एका गावाच्या आवाक्यातले नव्हे. येथे सरकार हवे, आणि नेमके येथेच ते सावकाश चालते.

सागाचे मात्र जुनेच रडगाणे चालू आहे. मालकीच्या शेतातील साग तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली आजही परवानगी लागते. म्हणूनच धुऱ्यावर सागाचे रोप आपोआप उगवले की ते मोठे होण्यापूर्वीच उपटून टाकणारे शेतकरी आमच्या पाहण्यात आहेत.