खुनी कोण, ते सांगा!

रहस्यकथेच्या वाचकाचा एकच हट्ट असतो. मध्ये हवे तितके फिरवा, घाबरवा, भलत्यावर संशय घ्यायला लावा. पण शेवटी खुनी कोण, ते सांगा. हल्ली हा हट्ट फारसे कुणी पुरवत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी खर्डीचा. आमच्याकडून मुंबईला जायचे म्हणजे कसारा लोकल. एक चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर डास मारत बसायचे. दोन-सव्वादोन तास जायला, तेवढेच यायला. नोकरीची सगळी वर्षे या प्रवासात गेली. डब्यात एकीकडे भजन, दुसरीकडे पत्त्यांचा डाव आणि आमच्या खिडकीच्या कोपऱ्यात रहस्यकथा! कल्याणच्या एका लायब्ररीतून भाड्याने आणलेले पुस्तक खर्डीला उघडले की मुंबई येईपर्यंत संपायचे. परतीच्या गाडीत ते दुसऱ्याच्या हातात. एक प्रत पाच-सहा जण वाचत. अट एवढीच, की आधी वाचणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. एकाने वासिंदला खुन्याचे नाव फोडले, तर त्याच्याकडून आठवडाभर सगळ्यांचा चहा वसूल केला होता.

बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड आम्हाला शेजाऱ्यांइतके ओळखीचे. गुरुनाथ नाईकांची पुस्तकेही हजाराच्या पुढे गेली. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला तेव्हा तर आमच्यात भांडणे लागत. आणि नारायण धारप! त्यांचे पुस्तक रात्रीच्या गाडीत वाचून खर्डीला उतरल्यावर अंधारातून घरी जायला सोबत शोधावी लागे. हे सगळे थोर साहित्य होते असे मी म्हणणार नाही. इतके लिहायचे म्हणजे गाडी कधी घसरणारच. काही पुस्तकांत तर मेलेला माणूस चार प्रकरणांनंतर चहा पिताना सापडे.

पण एक गोष्ट ही मंडळी पाळत. एकदा लायब्ररीच्या प्रतीचे शेवटचे पानच फाटलेले निघाले. डब्यात हलकल्लोळ! मग आसनगावपासून टिटवाळ्यापर्यंत खटला चालला. प्रत्येकाने आपला संशयित उभा केला आणि मागची पाने उलटून पुरावे काढले. कुणाला बंद पडलेले घड्याळ आठवले, कुणाला माळ्याच्या बुटांचा चिखल. पुढे दुसरी प्रत मिळाली तेव्हा आमच्यापैकी तिघांचे उत्तर बरोबर निघाले. याचा अर्थ लेखकाने फसवले नव्हते. पुरावे डोळ्यांसमोर ठेवूनच त्याने चकवले होते. रहस्यकथेची खरी गंमत यात आहे.

आता घरात दूरदर्शन संच आहे, नातवाच्या हातात फोन आहे आणि रहस्याला काही तोटा नाही. शिरवळकरांच्या ‘समांतर’ची वेबमालिका २०२० मध्ये आली. मी हौसेने बसलो. ऐन रंगात आल्यावर ती संपली! पुढचे भाग आले २०२१ मध्ये. पुस्तक एका बैठकीत संपायचे. इथे माणसाने वर्षभर जीव टांगून ठेवायचा. ‘देवमाणूस’ तर २०२० पासून रोज रात्री घरात. साताऱ्यातील वाईच्या २०१६ साली उघडकीस आलेल्या हत्याकांडावरून ती मालिका सुचली होती. खुनी कोण ते पहिल्यापासून ठाऊक; मग प्रश्न उरतो तो फक्त कधी सापडणार एवढाच, आणि तो लांबवता येईल तितका लांबतो. काही दिवसांनी आमच्या घरातली पोरे त्या डॉक्टरच्या चालण्याची नक्कल करू लागली आणि मोठेही हसू लागले. वाईला खरी माणसे गेली होती हो! मी त्या वेळी उठून अंगणात जाऊन बसत असे. घरच्यांना वाटे, म्हाताऱ्याला भीती वाटते.

म्हणजे नवे सगळेच टाकाऊ, असे मात्र नाही. निशिकांत कामतांचा हिंदी ‘दृश्यम’ (२०१५) पाहा. गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडतो, तरी शेवटी आपण तोंडात बोट घालतो. ही कथा मूळची मल्याळम चित्रपटातली, पण कामतांनी ती गोव्यात अशी मुरवली की परकी वाटतच नाही. राही बर्वे यांच्या ‘तुंबाड’चे (२०१८) बीज तर धारपांच्याच एका कथेत आहे. नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने ती त्यांना सांगितली होती म्हणे. २०२४ मध्ये तो चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. कुणी म्हणेल, मराठी रहस्यकथेवर चित्रपट ही आजची टूम. छे! जयंत देवकुळ्यांच्या कादंबरीवरून राजा परांजप्यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ काढला आणि दोनच वर्षांत हिंदीवाल्यांनी त्यावरून ‘मेरा साया’ केला.

मूळ पुस्तके मात्र रद्दीत गेली. पातळ कागद, टाचणीची बांधणी. पावसाळ्यात आमच्याकडे ती टिकतही नाहीत. कल्याणची ती लायब्ररी बंद झाली तेव्हा मालकाने किलोवर विकायला काढलेल्या गठ्ठ्यातून मी हाताला लागली तेवढी उचलली. वाळवी आणि पाहुणे यांच्यातून वाचून आज सव्वीस उरली आहेत. त्यांतल्या एकाचे शेवटचे पान मी दुसऱ्या प्रतीवरून हाताने लिहून डकवले आहे. खर्डीत कुणाला वाचायची असतील तर खुशाल घेऊन जावीत. अट जुनीच.