माळ्यावरचा ॲम्प्लिफायर भंगारात घालू नका, पण थेट प्लगातही घालू नका!

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की भंगारवाला गल्लीत येतो आणि माळ्यावरच्या वस्तू खाली उतरतात. त्यात एखादा लाकडी रेडिओ असतो, फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर असतो, नाहीतर आजोबांनी लग्नसराईत भाड्याने द्यायला घेतलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि पत्र्याचा कर्णा असतो. "चालतच नाही, ठेवून काय करायचं?" असे म्हणत वस्तू किलोवर जाते. तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर फोडला जातो आणि उरलेले पत्र्याच्या भावात.

शेतकरी बंधूंनो, जरा थांबा. बंद पडलेले यंत्र मेलेलेच असते असे नाही. बहुतेक वेळा ते झोपलेले असते. पण त्याला उठवायची एक रीत आहे. ती न पाळल्यामुळे आमच्या घरचा ॲम्प्लिफायर मी माझ्याच हाताने मारला, म्हणून हे सांगतो आहे.

गणपतीचे दिवस होते. वडिलांच्या रेकॉर्डी लावाव्यात म्हणून पेटी खाली काढली, धूळ पुसली आणि सरळ प्लग घातला. व्हॉल्व्ह पेटले, कर्णा घुमायला लागला, पोरंटोरं गोळा झाली. पाच मिनिटांत जळका वास आला आणि धूर निघाला. ट्रान्सफॉर्मर गेला होता. पुढे एका जाणत्या मेकॅनिकने उघडून पाहिले आणि म्हणाला, "चहाच्या किमतीचा कंडेन्सर आधी बदलला असता तर वाचला असता." वडील काही बोलले नाहीत, पण त्या रेकॉर्डी पुन्हा त्यांच्या कानावर पडल्या नाहीत.

गावाचा कान

या पेट्या म्हणजे नुसती हौस नव्हती. रेडिओ बाळगायला पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत, त्या काळात अख्ख्या आळीत एखादाच सेट असे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने आपल्या पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ मंडळे चालवून पाहिली. गावकरी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत. कार्यक्रम वीसच झाले, पण प्रयोग यशस्वी ठरला आणि नंतर अशी मंडळे देशभर निघाली. तेव्हाचे सेट व्हॉल्व्हचेच होते. एखाद्या चावडीच्या किंवा शाळेच्या कपाटात त्यातला एखादा आजही सापडू शकतो.

पंपाचा कंडेन्सर ओळखता ना?

सिंगल फेजची मोटार नुसती घुं घुं करते, फिरत नाही, तेव्हा तुम्ही काय म्हणता? "कंडेन्सर गेला." इथेही दुखणे बहुधा तेच. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे टिकतात, ट्रान्सफॉर्मरही टिकतो. कंडेन्सर मात्र पडून पडून आतून सुकतात किंवा गळके होतात.

दोन ठिकाणी लक्ष ठेवा. पहिला फिल्टर कंडेन्सर, म्हणजे पत्र्याचा मोठा डबा. तो सुकला की कर्ण्यातून सतत घरघर येते. दुसरा त्याहून घातकी. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये मेणाचा किंवा कागदाचा लहानसा कंडेन्सर असतो. आवाज पुढे सोडायचा आणि दाबाची वीज अडवायची, हे त्याचे काम. तो गळू लागला की शेवटच्या व्हॉल्व्हमधून बेसुमार करंट जातो, आतला पत्रा लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आमच्याकडे हेच झाले.

म्हणून पेटी चालू करण्यापूर्वी हे कंडेन्सर बदला. नवा घेताना आकडा तोच ठेवा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील. फिल्टर कंडेन्सरला अधिक-उणे बाजू असते. उलटा जोडला तर फुटतो.

आधी जीव, मग गाणे

व्हॉल्व्हच्या पेटीत २५० ते ४०० व्होल्ट डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ती वीज कंडेन्सरमध्ये दबा धरून बसते. तेव्हा प्लग काढा, १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेशनच्या वायरी लावून कंडेन्सरच्या दोन टोकांना अर्धा मिनिट धरा आणि मीटरने शून्य आल्याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची सवय वाईट. चालू पेटीत मोजमाप करायचेच असेल तर पायात रबरी चप्पल हवी आणि एक हात पाठीमागे. पेटी उघडी असताना एकट्याने काम करू नका.

आणखी एक इशारा. काही जुन्या रेडिओंना मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो. व्हॉल्व्हवर यूएल ८४, यूवाय ८५ असे 'यू'ने सुरू होणारे नंबर दिसले तर समजा की आतला पत्रा थेट लाइनवर असू शकतो. अशा सेटला शिकाऊ माणसाने हात लावू नये. ईएल ८४, ईसीसी ८३ अशा नंबरांचे ट्रान्सफॉर्मरवाले सेट शिकायला बरे. त्यांची कुजलेली वायर काढून तीन पिनांची घाला आणि पत्र्याला अर्थिंग द्या.

सिरीज बल्बची युक्ती

कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्हचे पाय आणि सॉकेट साफ केले, स्पीकर जोडला. स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीच चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर येते. आता ६० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, एलईडी इथे कामाचा नाही. प्लग घातल्यावर बल्ब उजळून मंद झाला तर पुढे जा. लखलखीतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. लक्षात असू द्या, बल्ब यंत्राला वाचवतो, तुमच्या हाताला नाही.

गावाकडची एक अडचण शहरवाल्यांना ठाऊक नसते. रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज चढते. पेटीच्या मागे २०० ते २५० व्होल्टचे टॅप असतील तर वरचाच निवडा.

प्लेअर आणि तबकड्या

प्लेअरची थाळी गाता गाता रडते, कारण जुने ग्रीस घट्ट झालेले असते आणि रबरी चाक कडक झालेले. जुने वंगण पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब बेअरिंगला द्या. खोबरेल नको, थंडीत गोठते. रबरी चाकाला तर तेलाचा हातही लागू देऊ नका. वेग तपासायला यंत्र लागत नाही. थाळीवर कागदाचा कपटा लावा आणि फेरे मोजा. एलपीच्या वेगावर तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे भरले पाहिजेत.

७८ च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. पळस-कुसुमावरच्या किड्यांची तीच लाख. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, हे आठवा आणि या तबकड्यांना स्पिरिट कधी लावू नका. मऊ फडके किंचित ओले करून पुसा, कागदी लेबल कोरडे ठेवा आणि तबकड्या उभ्या ठेवा. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुईही जाड लागते. एलपीची बारीक सुई तिथे चालवू नका.

स्पीकरचा कागद फाटला असेल तर पातळ टिश्यू पेपर आणि पाण्यात पातळ केलेला पांढरा गोंद पुरतो. जाड थर दिला की आवाज बसतो. लाकडी पेटीला वाळवी आहे का, तेही पाहा.

नवा बांधायचा असेल तर

दुरुस्तीवर हात बसला की नवा बांधता येतो. एका ईएल ८४ वर पाचेक वॅट मिळतात, ओसरीला आणि अंगणाला तेवढे भरपूर. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी एके काळी व्हॉल्व्ह बनवीत असे. आता नवे व्हॉल्व्ह रशिया, चीन, स्लोव्हाकियातून येतात. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आणि पुण्याच्या बुधवार पेठेत बघावेत. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर तालुक्याचा चांगला रिवाइंडिंगवाला गुंडाळून देईल. आउटपुटचा मात्र जाणकाराकडूनच घ्या.

पंचायतीनेही पाहावे

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'रेडिओ संच, नादुरुस्त' अशी नोंद असेल तर निर्लेखन करून लिलावात काढण्याआधी एकदा कपाट उघडून पाहा. गावातले एखादे पोर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक शिकत असेल, तर निदेशकांच्या देखरेखीखाली त्याला तो दुरुस्त करू द्या. मीडियम वेव्हची केंद्रे आता कमी होत चालली आहेत, हे खरे. पण पुष्कळ सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोके असतात. सेट ट्रान्सफॉर्मरवाला असल्याची जाणकाराकडून खात्री झाली, तर तिथे मोबाइलही जोडता येतो.

आमचा ॲम्प्लिफायर पुढे दुसरा ट्रान्सफॉर्मर घालून चालू झाला. ऐकायला वडील नव्हते. तुमच्या घरात ज्यांनी ती पेटी विकत घेतली ते अजून असतील, तर यंदाच्या दिवाळीत भंगारवाल्याला नाही म्हणा. पेटी खाली काढा, प्लग घालू नका आणि आधी कंडेन्सर बदला.